सतरा सप्टेंबरची सुट्टी

लहानपणी एकदा माझा मामेभाऊ पुण्याहून आमच्याकडे आला होता. सप्टेंबरचा महिना. सकाळी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेला निघालो, तर हा डोळे चोळत विचारतो, "आज काय आहे रे?"

"झेंडावंदन."

"ते तर गेल्याच महिन्यात झालं की! तुमच्याकडे दोनदा असतं?"

हो, आमच्याकडे दोनदा असतं. पण का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. शाळेत कुणी सांगितलं असेलही, पण माझं लक्ष खाऊकडे असायचं. मोठा झाल्यावर तर सतरा सप्टेंबर म्हणजे उशिरापर्यंत लोळायचा दिवस, एवढंच उरलं. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री येतात, रस्ते बंद होतात, त्यामुळे त्या बाजूला जायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात असायचं!

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आमचं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. म्हणजे चाळीसगाव, मनमाड, सोलापूर इथे लोक पेढे वाटत होते, आणि सरहद्दीच्या अलीकडे आमच्याकडे तिरंगा लावणं हा गुन्हा होता. पुढचे तेरा महिने हे असंच चाललं. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. माणसं गाडीबैल घेऊन सरहद्द ओलांडून पळाली.

लढा त्याच्याही आधीपासूनचा. १९३८ साली आमच्याच शहरातल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या मुलांना 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली आणि मुलांनी संप केला. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. मुलांची नावं कॉलेजातून कमी झाली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दारं उघडून दिली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही नावं आता चौकांना आणि संस्थांना आहेत, म्हणून निदान ओठांवर तरी येतात. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके मात्र किती जणांना ठाऊक असतील? आणि शोएबुल्ला खान? 'इमरोज'चा हा तरुण संपादक मुसलमान होता, हैदराबाद शहरात राहत होता, आणि संस्थानाने भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं. त्यानंतर महिन्याभरात, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं संपलं.

संपलं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

आमच्या आजोबांची एक सवय होती. गादीवाला पिंजारी दारावरून गेला की ते त्याला हमखास बोलवायचे. गाद्या चांगल्या असल्या तरीही. आजी घासाघीस करू लागली की म्हणायचे, "तो मागतो तेवढे दे. पिंजाऱ्याशी भाव करायचा नाही." एरवी भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी वाद घालणारा हा माणूस! आम्ही त्याला त्यांचा एक विक्षिप्तपणा समजायचो.

एका सतरा सप्टेंबरच्या संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांत झेंडावंदन दाखवत होते. मी आपलं सहज विचारलं, "आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूहळू सांगितलं.

त्यांचं किराणा दुकान होतं, नळदुर्गच्या बाजूला एका खेड्यात. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात एका रात्री रझाकार येत असल्याची हूल उठली. शेजारच्या पिंजारी चाचांनी आजी आणि दोन लेकरांना नेऊन आपल्या कापसाच्या खोलीत लपवलं आणि स्वतः उंबऱ्यावर पिंजण घेऊन बसले. रझाकार खरंच आले. चाचांनी सांगितलं, इथे कुणी नाही. ते निघून गेले.

मग सप्टेंबरात फौज सोलापूरकडून आली ती त्यांच्याच भागातून. गावात तिरंगा लागला, आजोबांनी दुकानातला गूळ वाटला. आणि काही दिवसांनी रात्री एक जमाव चाचांच्या घराकडे आला. चाचांनी आजोबांना हाका मारल्या. आजोबांचं नाव घेऊन, तीन-चार वेळा.

"मी कडी काढली नाही," आजोबा म्हणाले.

सकाळी चाचांचं घर उघडं होतं. माणसं नव्हती. कुठे गेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पिंजण तेवढं अंगणात पडलं होतं.

आजोबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. पोलिस ॲक्शननंतर नेहरूंच्या सरकारने ही माणसं संस्थानात पाठवली होती. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. त्यात बहुतेक मुसलमान. सगळ्यांत वाईट स्थिती असलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. हा अहवाल कितीतरी दशकं प्रसिद्धच झाला नाही. पण त्याच अहवालात आणखीही एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीवही दिले. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. म्हणजे त्या रात्री कडी काढणारी माणसंही होती तर.

आजोबांना दोष द्यायला मी कोण? घरात बायको, दोन लेकरं, बाहेर जमाव. मी तरी काढली असती का? खरं सांगायचं तर माहीत नाही. पण एक गोष्ट मला त्यांच्यामुळे कळली. उपकाराची जाणीव नुसती असून भागत नाही. ती वेळेवर दाखवता यायला माणूस मनातून मोकळा असावा लागतो. आजोबा रझाकारांच्या भीतीतून सुटले आणि महिना उलटायच्या आत आपल्याच माणसांच्या भीतीत सापडले. मग उरलेलं आयुष्य ते अनोळखी पिंजाऱ्यांना पैसे देत राहिले.

हल्ली मी सतरा सप्टेंबरला लोळत नाही. गर्दी ओसरल्यावर दुपारी स्मृतिस्तंभापाशी जाऊन येतो. लेकीला बरोबर नेतो. तिला स्वामीजींचं सांगतो, दगडाबाईंचं सांगतो, शोएबुल्लाचं सांगतो. रझाकारांनी काय केलं, तेही सांगतो. यंदा पहिल्यांदाच चाचांची गोष्ट सांगितली, कडीसकट.

ती म्हणाली, "बाबा, त्यांचं नाव काय होतं?"

आजोबांनी ते कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही. ते राहूनच गेलं.