साहाय्यित निवासगृहांतील कर्मचारीवर्ग : कॅलिफोर्निया

साहाय्यित निवासगृहांतील कर्मचारीवर्ग (कॅलिफोर्निया) : आंघोळ, कपडे, चालणे-फिरणे, औषधाची वेळ अशा नित्याच्या बाबींत मदत लागणाऱ्या, परंतु चोवीस तास वैद्यकीय शुश्रूषेची गरज नसणाऱ्या वृद्धांसाठी अमेरिकेत साहाय्यित निवासगृहे चालतात. तेथे किती माणसे नेमावीत, त्यांना काय शिकवावे आणि त्यांची प्रकृती कशी तपासावी, हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. कॅलिफोर्नियात अशा गृहांना कायद्याने ‘वृद्धांसाठी निवासी देखभाल गृह’ असे नाव दिले आहे. त्यांचा मूळ अधिनियम १९८५ चा असून तपशीलवार नियम राज्य नियमसंहितेच्या बाविसाव्या शीर्षकात आहेत. परवाना व तपासणीचे काम राज्याचा समाजसेवा विभाग पाहतो.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील शुश्रूषागृहांना संघराज्याचे नियम लागू आहेत. १९८७ च्या सुधारणा कायद्याने तेथील परिचारिका-साहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. साहाय्यित निवासगृहांसाठी असा देशव्यापी मापदंड नाही. ही कल्पना रुजली ती रुग्णालयाच्या शिस्तीला पर्याय म्हणून. केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे उभारलेले ‘पार्क प्लेस’ हे तिचे ठळक उदाहरण. मूळच्या विदर्भातील कुटुंबात जन्मलेले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. स्वतःच्या खोलीचे दार, स्वतःचे सामान, स्वतःचे वेळापत्रक असे स्वातंत्र्य रहिवाशांना मिळाले. दैनंदिन देखभाल मात्र परिचर्येची पदवी नसलेल्या कामगारांकडे आली. त्यामुळे या क्षेत्रातील नियमांचा बराचसा भर त्यांच्या तयारीवर आहे.

२०१४ च्या सुधारणा : ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील कॅस्ट्रो व्हॅली येथील एक निवासगृह राज्याने बंद करण्याचा आदेश दिला. पगार थांबल्यामुळे बहुतेक कर्मचारी निघून गेले, पण डझनाहून अधिक रहिवासी आतच राहिले. स्वयंपाकी आणि सफाई कामगार एवढेच मागे थांबले. जेवण, आंघोळ, औषधे असे सारे त्या दोघांनी काही दिवस सांभाळले. पुढे अग्निशमन दल व शेरीफच्या कार्यालयाने तेथील व्यवस्था ताब्यात घेतली. या प्रकरणामुळे परवाना यंत्रणेच्या उणिवा चव्हाट्यावर आल्या आणि २०१४ मध्ये विधिमंडळाने सुधारणा कायद्यांचा एक संच संमत केला. आजचे प्रशिक्षणाचे तास त्यातूनच आले असून ते १ जानेवारी २०१६ पासून लागू आहेत.

कर्मचारी-संख्या : कॅलिफोर्नियाच्या नियमांत दिवसपाळीसाठी ‘इतक्या रहिवाशांमागे इतके कर्मचारी’ असे प्रमाण दिलेले नाही. रहिवाशांच्या गरजा भागवण्यास कर्मचारी संख्येने पुरेसे व कामात सक्षम असावेत, एवढेच म्हटले आहे. गरजा, सेवांची व्याप्ती किंवा इमारतीची रचना पाहता माणसे कमी पडतात असे कागदोपत्री दाखवून परवाना अधिकारी जादा नेमणुकांचा आदेश देऊ शकतात.

रात्रीसाठी मात्र आकडे आहेत. १६ पेक्षा कमी रहिवासी असतील तर एक पात्र व्यक्ती आवारात हजर असावी. गरज नसेल तेव्हा ती झोपू शकते. १६ ते १०० रहिवाशांसाठी एक कर्मचारी जागा व कामावर, तर दुसरा बोलावल्यास दहा मिनिटांत पोहोचेल असा हवा. १०१ ते २०० साठी आवारातच आणखी एक जण हाकेला ओ देईल असा लागतो. म्हणजे साठ रहिवाशांच्या गृहात रात्री दोन वाजता नियमाने जागा माणूस एकच. एका खोलीत कोणी पडले आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीची घंटा वाजली, तर दुसऱ्याला वाट पाहावी लागते. स्मृतिभ्रंश असलेल्या एखाद्या रहिवाशाला रात्री जागता पहारा हवा असे मूल्यमापनात आढळले, तर लहान गृहातही एकाने जागे राहणे बंधनकारक ठरते.

फ्लोरिडाने याउलट आठवड्याचे किमान मनुष्यतास ठरवून दिले आहेत : ५ रहिवाशांपर्यंत १६८, ६ ते १५ साठी २१२, १६ ते २५ साठी २५३. पहिला आकडा म्हणजे एका माणसाची अखंड चोवीस तास, सातही दिवस हजेरी. १५ रहिवाशांच्या गृहात यातून माणशी रोज सुमारे दोन तास वाट्याला येतात. २५ च्या गृहात सुमारे दीड तासच.

व्यवस्थापक : किमान वय २१ व शालान्त शिक्षण आवश्यक. १६ ते ४९ रहिवाशांच्या गृहासाठी महाविद्यालयीन स्तरावरील १५ श्रेयांक व एक वर्षाचा अनुभव लागतो, तर ५० किंवा अधिक रहिवाशांसाठी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण व तीन वर्षांचा अनुभव. पूर्वी ४० तासांचा असलेला प्रमाणपत्र अभ्यासक्रम आता ८० तासांचा असून त्यानंतर राज्याची परीक्षा द्यावी लागते. दर दोन वर्षांनी ४० तासांचे पुढील शिक्षण दाखवल्यावर प्रमाणपत्राचे नूतनीकरण होते.

देखभाल कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण : २०१६ पूर्वी सुरुवातीच्या दहा तासांवर भागत असे. आता ४० तास लागतात. त्यांपैकी २० तास रहिवाशाची स्वतंत्रपणे देखभाल करण्याआधी आणि उरलेले २० नेमणुकीपासून चार आठवड्यांत पूर्ण करायचे असतात. या दोन्ही टप्प्यांत प्रत्येकी सहा तास स्मृतिभ्रंशासाठी राखीव आहेत. शरीराला आधार देणारी साधने, निर्बंधित आजार व अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा या विषयांना चार तास आहेत. पुढे दरवर्षी २० तासांची उजळणी होते. त्यात आठ तास स्मृतिभ्रंशाचे. प्रथमोपचार आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन यांचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती आवारात सदैव हजर असावी लागते.

औषधांबाबतची मर्यादा काटेकोर आहे. कर्मचारी रहिवाशाला स्वतःचे औषध घेण्यास मदत करतो, म्हणजे वेळेची आठवण देतो, डबी उघडून देतो, नोंद ठेवतो. इंजेक्शन रहिवाशाने स्वतः घ्यावे किंवा पात्र व्यावसायिकाने द्यावे. गोळ्या मूळ डबीतून दुसरीत ओतण्यास मनाई आहे, कारण लेबल आणि गोळी यांची फारकत झाली की चूक पकडता येत नाही. या मदतीसाठी १६ किंवा अधिक रहिवाशांच्या गृहात २४ तासांचे स्वतंत्र प्रशिक्षण असून त्यातील १६ तास अनुभवी सहकाऱ्यासोबत राहून प्रत्यक्ष कामाचे असतात. लहान गृहांत एकूण दहा तास, त्यांतील सहा प्रत्यक्ष. शेवटी परीक्षा असते.

कर्मचाऱ्यांचे आरोग्य : परवानाधारक व व्यवस्थापक यांच्यासह सर्वांची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. ती नेमणुकीपूर्वी सहा महिन्यांच्या आत किंवा रुजू झाल्यापासून सात दिवसांत व्हावी. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे किंवा त्वचाचाचणी करतात. नेमलेले काम झेपेल का आणि स्वतःला, सहकाऱ्यांना वा रहिवाशांना धोका होईल असा आजार आहे का, हे डॉक्टरने सहीनिशी लिहून द्यायचे असते. स्वयंसेवकांकडून प्रकृती ठणठणीत असल्याचे सहीचे निवेदन घेतात. आजारामुळे रहिवाशांना गंभीर धोका दिसला तर संबंधिताला कामावरून दूर ठेवावे लागते.

रक्त किंवा शरीरद्रवांशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामगारांना संघराज्याच्या १९९१ च्या मानकानुसार काम सोपवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत यकृतदाह-बी ची लस मोफत देऊ करावी लागते. आजारी असूनही पगारासाठी कामावर येणे हा संसर्गाचा नेहमीचा मार्ग. त्यामुळे सर्व क्षेत्रांना लागू असलेला पगारी आजार-रजेचा राज्य कायदा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून ही रजा वर्षाला किमान पाच दिवस किंवा ४० तास आहे. माणसे उचलताना होणाऱ्या पाठीच्या दुखापतींबाबत मात्र उणीव आहे. रुग्ण सुरक्षितपणे हलवण्याविषयीचा राज्याचा २०११ चा कायदा फक्त रुग्णालयांपुरता असून निवासगृहांतील कामगार त्याच्या कक्षेबाहेर राहिले आहेत.

पार्श्वभूमी-पडताळणी व नोंदी : कामावर येण्यापूर्वी बोटांचे ठसे राज्याच्या न्याय विभागाकडे व एफबीआयकडे पाठवून गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासला जातो. सर्व कर्मचारी कायद्याने ‘बंधनकारक खबर देणारे’ असल्याने वृद्धाचा छळ झाल्याचा संशय आला तरी तो कळवणे त्यांचे कर्तव्य आहे. प्रत्येकाच्या वैयक्तिक फायलीत प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, आरोग्य अहवाल आणि ठशांचा निर्वाळा असतो.

मूल्यमापन : प्रशिक्षणाचे तास आणि प्रकृतीचा दाखला फायलीवरून पडताळता येतात. ‘पुरेशी संख्या’ मात्र हजेरीपटावरून ठरत नाही, कारण रहिवासी तेच राहिले तरी त्यांची दुखणी वाढत जातात आणि गेल्या वर्षी पुरेसे असलेले मनुष्यबळ यंदा तोकडे पडते. संचालकांच्या मते ठरीव प्रमाणाने खर्च वाढून सहा खाटांची लहान गृहे अडचणीत येतील. आकड्याविना नियम मोडल्याचे सिद्ध करणे अवघड जाते, असे रहिवाशांच्या बाजूने मांडले जाते. तूर्त कॅलिफोर्नियाने तासांचा आग्रह धरला आहे आणि दिवसपाळीची संख्या परवानाधारकाच्या निर्णयावर व तपासनिसाच्या नजरेवर सोपवली आहे.