रोख पोकरमधील असाधारण खेळी आणि तिच्या मूल्यमापनाची बदलती साधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मर्यादारहित पोकरमध्ये खेळाडूला आपल्यापुढील सर्व रक्कम कोणत्याही क्षणी पणाला लावता येते. स्पर्धेत चिप्स हे केवळ गुणांकनाचे साधन असते. रोख खेळात मात्र प्रत्येक चिपला प्रत्यक्ष पैशाचे मूल्य असते. त्यामुळे रूढ पद्धतीहून वेगळी खेळी झाली की ती चूक, प्रतिभा की लबाडी, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने काळानुसार कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिद्धान्त आणि कॅमेरा

जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळसिद्धान्तावरील ग्रंथात पोकरच्या सोप्या प्रतिरूपाचे गणिती विवेचन केले. दुबळे पत्ते असताना मोठी रक्कम लावून दिलेली हुलकावणी हा निव्वळ स्वभावाचा भाग नसून तर्कशुद्ध खेळाचा आवश्यक घटक आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तथापि प्रत्यक्ष खेळात हे तपासणे कठीण होते. प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली की पत्ते न दाखवताच डाव संपे. परिणामी खेळीचा न्याय बहुधा निकालावरून व खेळाडूच्या लौकिकावरून केला जाई.

ही परिस्थिती कॅमेऱ्याने बदलली. हेन्री ओरेनस्टीन यांना १९९५ मध्ये खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखविणाऱ्या योजनेचे अमेरिकन पेटंट मिळाले. १९९९ पासून ब्रिटनमधील 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमात काचेच्या पट्टीखालून पत्ते दिसू लागले. २००६ पासून 'हाय स्टेक्स पोकर'ने मोठ्या रकमेचा रोख खेळ दूरचित्रवाणीवर आणला. प्रेक्षक आता खेळाडूपेक्षा अधिक जाणू लागला. मात्र यातून एक नवा दोषही निर्माण झाला. जो निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतला गेला, त्याचा न्याय संपूर्ण माहितीच्या आधारे होऊ लागला.

संगणकाची कसोटी

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळून निर्णायक विजय मिळविला. जमलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैज लावण्याची तिची पद्धत व्यावसायिकांना अपरिचित होती. २०१९ मध्ये सहा खेळाडूंच्या खेळासाठी तयार झालेल्या 'प्लुरिबस'ने आणखी एक समजूत मोडली. मागील फेरीत ज्याने केवळ प्रतिस्पर्ध्याची पैज स्वीकारली, त्यानेच पुढील फेरीची सुरुवात पैज लावून करणे ही चूक मानली जात असे. ही प्रणाली तसे मानवी खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक वेळा करीत असे. 'असाधारण' आणि 'चूक' हे समानार्थी शब्द नाहीत, हे यातून स्पष्ट झाले.

गार्डिना येथील डाव

२९ सप्टेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील गार्डिना येथे 'हसलर कॅसिनो लाइव्ह'च्या प्रक्षेपणात झालेला डाव या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. गॅरेट एडलस्टीन यांच्याकडे किलवर आठ व किलवर सात, तर रॉबी जेड ल्यू यांच्याकडे किलवर गुलाम व बदाम चार होते. पटावर बदाम दहा, किलवर दहा, किलवर नऊ व बदाम तीन अशी चार पाने उघड झाली होती. एडलस्टीन यांनी १०,००० डॉलरची पैज लावली, ल्यू यांनी ती २०,००० केली, त्यावर एडलस्टीन यांनी सर्वस्व पणाला लावले. ल्यू यांनी केवळ गुलामाच्या बळावर आणखी १,०९,००० डॉलर घातले. उभयतांच्या संमतीने शेवटचे पान दोनदा काढण्यात आले. दोन्ही वेळा ल्यू जिंकल्या व २,६९,००० डॉलर त्यांच्याकडे गेले.

येथे दोन हिशेब वेगळे करणे आवश्यक आहे. दोघांचे पत्ते उघडे धरले आणि इतरांनी टाकलेले पत्ते विचारात घेतले नाहीत, तर उरलेल्या ४४ पानांपैकी २० पाने एडलस्टीन यांना जिंकून देणारी होती. म्हणजे ल्यू यांची शक्यता सुमारे ५५ टक्के होती. रक्कम घालण्यासाठी सुमारे ४१ टक्के शक्यता पुरेशी होती. या हिशेबाने निर्णय योग्य ठरतो. परंतु ल्यू यांना प्रतिस्पर्ध्याचे पत्ते दिसत नव्हते असे गृहीत धरले, तर हिशेब पालटतो. एक्का, राजा वा राणी असलेली अपूर्ण पानेही गुलामाला हरवीत होती. गुलामाने हरतील अशा हुलकावण्या मोजक्याच होत्या. नेमका हाच विरोधाभास संशयाचे मूळ ठरला.

ल्यू यांनी फसवणुकीचा आरोप नाकारला. प्रतिस्पर्धी हुलकावणी देत आहे असे वाटल्याचे आणि आपल्याकडे चारऐवजी तीनचे पान असल्याचा समज झाल्याचे, अशी स्पष्टीकरणे त्यांनी दिली. खेळानंतर त्यांनी १,३५,००० डॉलर परतही केले. आयोजकांनी करविलेल्या चौकशीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात फसवणुकीचा पुरावा आढळला नाही.

याउलट २०१९ मध्ये सॅक्रॅमेंटोजवळील एका कार्डरूममधील खेळाडूवर घेतलेला संशय एका डावावर नव्हे, तर दीर्घकाळच्या प्रक्षेपणांतील सातत्यपूर्ण यशावर आधारलेला होता. तोही न्यायालयात सिद्ध झाला नाही. परंतु संशयाची पद्धत मूलतः भिन्न होती. अनेक डावांतून कल दिसू शकतो, एका डावातून केवळ घटना दिसते.

निष्कर्ष

कॅमेऱ्याने पत्ते दाखविले, संगणकाने आदर्श खेळी दाखविली. परंतु खेळाडूच्या मनात काय होते, हे दोहोंनाही दाखविता आले नाही. आदर्श खेळीपासूनचे अंतर मोजता येते, त्या अंतराचे कारण मोजता येत नाही. गैरसमज, थकवा, धाडस आणि लबाडी यांतून पटावर एकच खेळी उमटू शकते. म्हणून असाधारण खेळी हा चौकशीचा प्रारंभबिंदू ठरू शकतो. तिलाच पुरावा मानल्यास एखाद्या व्यक्तीची प्रतिष्ठा तर्काअभावी पणाला लागते.