वर्तमानपत्र कोणाचे? ‘मूकनायक’ आणि मालकीचा प्रश्न

उचगाव-कोल्हापूर भागात येणारे कोणतेही दैनिक हातात घेतले की आम्ही आधी शेवटची बारीक ओळ वाचतो. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘पुढारी’ जाधव कुटुंबाचा, ‘सकाळ’ पवारांचा. ‘लोकमत’च्या दर्डा घराण्यात तर काँग्रेसचे मंत्री-खासदार झाले. ‘सामना’ निदान पक्षाचे मुखपत्र म्हणून उघडपणे निघतो!

स्वतःचे पत्र नसले की काय होते, हे बाबासाहेबांनी अनुभवले. ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मात्र २,५०० रुपये दिले. दोन महिन्यांच्या आत, २१-२२ मार्चला, याच जिल्ह्यातल्या माणगावात परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब.

पण रोजच्या दैनिकाला पाक्षिकाने उत्तर द्यायचे म्हणजे पंधरा दिवस थांबायचे. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले. तेही आर्थिक ओढाताणीत १९२९ मध्ये थांबले. १९३० चे ‘जनता’ टिकले आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले.