प्रवरेकांठचे आद्य रहिवासी आणि मराठीचें मूळ

इंग्रजी भाषेचा जन्म सांगणें त्या मानानें सोपें आहे. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनांत उतरल्या. त्यांच्या बोलींतून इंग्रजी वाढली. तेथें पूर्वीपासून राहणाऱ्या केल्ट लोकांची भाषा वेल्समध्यें टिकली. इंग्लंडांत ती एव्हनसारख्या नद्यांच्या नांवांत उरली. त्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘नदी’ असा होता. आलेल्यांची भाषा कोणती आणि हटलेल्यांची कोणती, हें तेथें सांगतां येतें. आमच्या नगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत, प्रवरेकांठीं, हाच प्रश्न विचारला तर?

जुन्या वस्तीचा पुरावा येथें थोडाथोडका नाहीं. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें आणि एका सबंध ताम्रपाषाणकालीन संस्कृतीस त्या खेड्याचें नांव मिळालें. श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबादेस एकाखालीं एक असे पांच वस्त्यांचे थर लागले. सर्वांत जुना ख्रिस्तपूर्व २२०० च्या सुमाराचा. त्याच्या वरच्या थरांत सिंधु लिपीचीं चिन्हें असलेल्या मुद्रा मिळाल्या, पण त्या लिपीचें सर्वमान्य वाचन अद्याप झालेलें नाहीं. नेवाशास डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मंडळीनें १९५४ ते १९५६ मध्यें खणलें, तेव्हां घरांच्या जमिनीखालीं पुरलेलीं मुलें सांपडलीं. दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवलेलीं, आणि त्यांत मूल. एकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. त्याच्या आईनें त्यास कोणत्या शब्दानें हांक मारिली असेल?

नेवाशासच शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तेव्हां हे रहिवासी म्हणजे आमचे आद्य मराठी भाषक, असें उत्साहानें म्हणणारे भेटतात. मला तें मान्य नाहीं. खापरास भाषा नसते. दायमाबादची वस्ती ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास ओसाड झाली. महाराष्ट्रांतील वाचतां येणारा अगदीं जुना लेख सोपाऱ्याचा, अशोकाचा, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतला. मधलीं सुमारें सातशें वर्षें निःशब्द आहेत. त्या लेखाची भाषा प्राकृत. पुढें महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश आणि मग मराठी असा क्रम लावितात. म्हणजे वडिलार्जित शब्दधन उत्तरेकडचें.

परंतु घराची बांधणी सर्वस्वी तशी नाहीं. मराठींत ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. संस्कृतांतील ‘वयम्’ हा भेद जाणत नाहीं, इंग्रजींतील ‘वी’ही जाणत नाहीं. तेलुगूंत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे नेमके दोन शब्द आहेत, तमिळांतही तसेंच. (गुजरातींतही हा भेद आहे, हें विसरतां कामा नये.) द्राविडी भाषा बोलणारे लोक हळूहळू प्राकृत बोलूं लागले आणि आपली जुनी संवय नव्या भाषेंत घेऊन आले, असा तर्क भाषाशास्त्रज्ञ करितात, मला तो सयुक्तिक वाटतो. ते लोक नेवाशाच्या कुंभारांचे वंशज होते, कीं मागाहून आलेले, हें मडक्यांवरून ठरत नाहीं.