महाविद्यालय प्रवेश आणि जैन विद्यार्थी वसतिगृहे : एक ऐतिहासिक मागोवा

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचा अर्थ काळानुसार विस्तारत गेला. पूर्वी शास्त्रग्रंथांच्या प्रती करवून त्या मंदिरांना आणि ग्रंथभांडारांना अर्पण करणे हे ज्ञानदानाचे मुख्य रूप होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात एका नव्या रूपाची भर पडली. खेड्यातून शहरात शिकण्यासाठी आलेल्या मुलाला राहायला खोली आणि दोन वेळचे शुद्ध भोजन देणे हेही ज्ञानदानच होय, ही जाणीव समाजधुरीणांच्या ठायी निर्माण झाली. चांगल्या महाविद्यालयात प्रवेश कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा आज घरोघरी चिंतेचा झालेला प्रश्न या जाणिवेशी जवळून जोडलेला आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर समाजाच्या संस्थांनी काय साधले आणि काय साधायचे राहिले, या दोन्हींचा बोध होतो.

मॅट्रिकची चाळणी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. सव्वाशेहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले. उत्तीर्ण झाले ते जेमतेम विसेक. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते अवघे चार. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच होत.

त्या काळी कला शाखेच्या महाविद्यालयांत आजच्यासारखी गुणवत्ता यादी लागत नसे. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या आणि फी भरू शकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशासाठी झगडावे लागत नसे. खरी निवड त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असे. इंग्रजी शिकवणारे हायस्कूल बहुधा मोठ्या गावी असे. महाविद्यालये प्रथम मुंबई-पुण्यातच होती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० मध्ये आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये आले. ज्याचे आप्त शहरात आहेत, ज्याच्या घरात इंग्रजी जाणणारा कोणी आहे आणि ज्याच्या वडिलांना दहा-बारा वर्षे मुलाच्या कमाईवाचून चालते, त्याच्यापुढेच मॅट्रिकची वाट होती. परीक्षा सर्वांना सारखी होती. परीक्षेपर्यंतचा रस्ता मात्र सारखा नव्हता.

जैन समाजाची स्थिती या दृष्टीने संमिश्र होती. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागांत बहुसंख्य जैन कुटुंबे शेतकरी होती. अन्यत्र दुकान आणि पेढी हा मुख्य व्यवसाय होता. हिशेब आणि मोडी अक्षर आले की मुलाला पेढीवर बसवायचे, अशी रीत होती. शिकण्याची इच्छा असलेल्या मुलापुढे आणखी एक अडचण उभी राही. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि कंदमुळांचा त्याग हे घरचे नियम परक्या गावच्या खाणावळीत पाळणे दुरापास्त होते. मुलाला बाहेर पाठवले तर त्याचा आचार सुटेल, या भीतीने अनेक पालक शिक्षणालाच नकार देत. बाहेरून क्षुल्लक वाटणाऱ्या या कारणाने कितीतरी हुशार मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचली नसतील.

वसतिगृहांची चळवळ

ही अडचण नेमकी ओळखणाऱ्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सुरतेत जन्मलेल्या आणि मुंबईत मोत्यांच्या व्यापारात नावारूपाला आलेल्या शेठजींनी आपल्या पिताश्रींच्या नावे मुंबईत जैन बोर्डिंग उभारले आणि अन्य शहरांतील बोर्डिंगांनाही उदार हस्ते साहाय्य केले. स्वतःला उच्च शिक्षणाची संधी न मिळालेल्या या व्यापाऱ्याने, मुलाला प्रथम लागते ते डोक्यावर छप्पर, हे जाणले होते.

१८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. सभेने शिक्षणप्रसाराचे कार्य हाती घेतले आणि शेतकरी जैन समाजातील मुलांसाठी वसतिगृहांची वाट मोकळी झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व आश्रय देण्याचे धोरण स्वीकारले होते. १९०१ मध्ये तेथे मराठा बोर्डिंगबरोबर दिगंबर जैन बोर्डिंगही सुरू झाले. या कार्यात अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे (१८७८–१९५०) यांचा वाटा मोठा होता. कुरुंदवाडच्या या सुपुत्राने एम.ए., एलएल.बी. पर्यंत शिक्षण घेतले, राजाराम कॉलेजात अध्यापन केले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळले.

मुंबईत आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालयाचे कार्य सुरू झाले. नावात ‘विद्यालय’ असले तरी ही मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या निवासाची संस्था होय. शिक्षणासाठी घेतलेली मदत कमावते झाल्यावर परत करावी, या कर्जाऊ साहाय्याच्या पद्धतीलाही तेथे स्थान मिळाले. त्यामुळे घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला गेला आणि पुढच्या विद्यार्थ्याची सोय झाली.

एक मतभेद आणि त्याचा धडा

या गौरवशाली इतिहासात एक प्रसंग असाही आहे, ज्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनाला बसावे, असा आग्रह धरण्यात आला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

तो युवक पुढे पदवीपर्यंत पोहोचला नाही. तथापि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील आणि एका पंक्तीला जेवतील, असे वसतिगृह १९२४ मध्ये साताऱ्यात उभे केले. १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरीब मुलांना पदवीची वाट खुली झाली. वसतिगृहाचे महत्त्व कर्मवीरांना जैन बोर्डिंगातच उमगले. त्याची मर्यादाही त्यांनी तेथेच अनुभवली. समाजाने आपल्या मुलांसाठी दार उघडावे हे उचितच आहे. मात्र ते उघडताना दुसऱ्यासाठी बंद होऊ नये, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

मुलींसाठी हे दार आणखी उशिरा उघडले. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम स्थापून विधवा आणि निराधार भगिनींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. मुलांच्या बोर्डिंगांना मिळाला तितका लोकाश्रय अशा कार्याला मिळाला असता, तर समाजातील स्त्रीशिक्षणाचे चित्र फार आधी पालटले असते.

गुणांचे युग

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी एस.एस.सी. परीक्षा आली. हायस्कुले तालुक्यांपर्यंत पोहोचली आणि उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढली. कला आणि वाणिज्य शाखांत प्रवेश सुलभ राहिला. वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या जागा मात्र मोजक्याच होत्या. इंटर सायन्सच्या आणि पुढे बारावीच्या एकेका गुणावर भवितव्य ठरू लागले. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे दक्षिण महाराष्ट्राची मोठी सोय झाली.

१९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, त्याबरोबर देणगीचा प्रश्नही उभा राहिला. कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९८७ चा. १९९२ आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयी महत्त्वाचे निर्णय दिले. १९९९ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. वैद्यकीय प्रवेशासाठी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी करणारे ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द झाले. तोवर देशपातळीवरील ‘नीट’ परीक्षेने राज्याच्या परीक्षेची जागा घेतली होती. २०२४ मध्ये या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशातील एम.बी.बी.एस. च्या जागा त्या वेळी एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. समाजाच्या शिक्षणसंस्थांतील जागांचा काही हिस्सा समाजातील विद्यार्थ्यांसाठी राखण्याच्या मार्गाला त्यामुळे बळ मिळाले. हा लाभ मोठा आहे. परंतु राखीव जागेसाठी अर्ज करण्याइतकी तयारी ज्याची झालेली असते, त्यालाच तो मिळतो, हेही लक्षात घ्यावे लागेल.

इतिहासाचा निष्कर्ष

मॅट्रिकपासून नीटपर्यंत चाळणी अनेकदा बदलली. चाळणीपर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न मात्र कायम राहिला. शंभर वर्षांपूर्वी शहरातील खोली आणि शुद्ध भोजन यांचा अभाव मुलाला अडवीत असे. आज खासगी शिकवणीची फी, दोन वर्षे घरापासून दूर राहण्याचा खर्च आणि कोणता अर्ज केव्हा करावा याची माहिती या गोष्टी अडवतात. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरातील मुलाला जी माहिती जेवणाच्या ताटावर मिळते, ती शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलीला मुदत टळून गेल्यावर कळते.

या पार्श्वभूमीवर समाजाच्या संस्थांनी एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. दरवर्षी निकालानंतर गावोगावी गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्क्यांवरील विद्यार्थ्यांना श्रीफळ, शाल आणि पारितोषिक दिले जाते. हे कौतुक स्तुत्यच आहे. परंतु शेठ माणिकचंदांचे बोर्डिंग यशस्वी विद्यार्थ्याचा सत्कार करण्यासाठी उभे राहिले नव्हते. जो अजून यशस्वी झालेला नाही, त्याला यशाची संधी मिळावी यासाठी ते उभे राहिले. निकालानंतर दिलेले शंभर रुपये यशाचा गौरव करतात. आठवी-नववीत दिलेले शंभर रुपये ते यश शक्य करतात.

अर्धशतकाची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेसाठी सुवर्णमहोत्सव हा सिंहावलोकनाचा क्षण असतो. मागच्या पिढीने मुलाची अडचण ओळखली, तिला नाव दिले आणि ती दूर करण्यासाठी इमारत उभी केली. आजच्या मुलामुलींची अडचण निराळी आहे. ती ओळखून परीक्षेच्या आधी त्यांच्या पाठीशी उभे राहणे, हेच त्या पूर्वसूरींचे खरे ऋणनिर्देशन ठरेल.