केचुआ व आयमारा भाषांतील गौणवाक्ये
केचुआ व आयमारा या दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशातील शेजारी आदिवासी भाषा. तितिकाका सरोवराच्या परिसरात, पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर, दोन्ही भाषक शतकानुशतके एकत्र नांदत आहेत. दोहोंत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि गौणवाक्य प्रामुख्याने क्रियापदाला लागणाऱ्या प्रत्ययांनी साधते.

गौण व मुख्य क्रियेचा कर्ता एकच आहे की वेगळा, हे प्रत्ययच सांगतो. कुस्कोच्या केचुआत ‘हामुस्पा’ म्हणजे ‘येऊन’ (कर्ता तोच). ‘हामुक्तिन’ म्हणजे ‘तो आल्यावर’ (पुढची क्रिया दुसऱ्याची). आयमारात हेच काम अनुक्रमे ‘हुतासा’ व ‘हुतिपाना’ ही रूपे करतात. मराठीतील ‘-ऊन’ची रचनाही सामान्यतः एकाच कर्त्याची असते, ‘-ल्यावर’ला मात्र असे बंधन नाही.

संबंधदर्शक गौणवाक्यांसाठी धातुसाधिते वापरतात : ‘करणारा’ या अर्थी केचुआत ‘-क’, आयमारात ‘-इरी’, ‘केलेले’ या अर्थी ‘-स्का’ व ‘-ता’, ‘करायचे’ या अर्थी ‘-ना’ व ‘-न्या’.

केचुआचे पहिले छापील व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास यांनी 1560 मध्ये, तर आयमाराचे लुदोविको बेर्तोनियो यांनी 1603 मध्ये प्रसिद्ध केले. रचना समांतर असली तरी प्रत्यय बहुतांशी भिन्न आहेत; त्यामुळे केवळ या साम्यावरून दोन्ही भाषांचे कूळ एक ठरत नाही.