फायरवॉलमधून वायरिंग

मोटारीच्या बॉनेटखालून, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातून, माणसे बसतात त्या केबिनमध्ये विजेची तार नेण्याचे काम. या दोन कप्प्यांच्या मधे पोलादी पत्र्याची भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. इंजिनाची धग, धूर, आवाज आणि प्रसंगी आगही तिने केबिनबाहेर अडवून धरायची असते. बहुतेक मोटारींत बॅटरी या भिंतीच्या पुढे आणि बटणे मागे असतात. म्हणून मोठा अँप्लिफायर, जादा फॉग लॅम्प, सीएनजी किटचा डॅशबोर्डवरचा स्विच असे काही नव्याने बसवायचे म्हटले की तारेला भिंत ओलांडावीच लागते. गॅरेजवाल्यांच्या बोलण्यात या कामाला वेगळे नाव नाही; ‘वायर आत घ्यायची’ एवढेच ते म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर हे गाड्या घडवणारे शहर आहे. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे. शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जोडणी २००१ मध्ये ऑक्टाव्हियाने सुरू झाली, पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जोडल्या जाऊ लागल्या. मोटारीच्या कारखान्यात वायरिंग आत घेणे तुलनेने सोपे असते. डॅशबोर्ड बसलेला नसतो, आसने नसतात, सांगाडा रिकामा असतो. वायरिंगच्या जुडग्यावर साच्यातून काढलेला रबरी बुश आधीच चढवलेला असतो. जुडगा भोकातून घातला, बुश कडेत दाबून बसवला की झाले. त्याच शहरातल्या गॅरेजमधल्या उस्तादाला हेच काम करताना पाय दाराबाहेर सोडून, पाठ उंबऱ्यावर टेकवून, डोके पेडलच्या खाली घालावे लागते. भोक दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावे लागते. कंपनीची वायरिंग आणि नंतरची वायरिंग यांतला फरक बराचसा या अवघडलेपणातून येतो. हात पोचत नाही म्हणून रबर राहून जाते, आणि घाई झाली की फ्यूज.

वाट कुठून काढायची हा पहिला प्रश्न. नव्याने भोक पाडण्याची सहसा गरज नसते. मुख्य वायरिंगचा मोठा बुश, बॉनेट उघडण्याच्या केबलचा छोटा बुश, किंवा गाडीच्या दुसऱ्या मॉडेलसाठी ठेवून टोपणाने बंद केलेले भोक, यांपैकी काहीतरी बहुतेक गाड्यांत सापडते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ब्रेकचा बूस्टर, क्लच आणि स्टिअरिंगचा दांडा यांची गर्दीही उजवीकडे. डावीकडे ग्लव्ह बॉक्स उतरवला तर हात घालायला जागा मिळते. ड्रिल लावायचेच असेल तर पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहावे लागते, कारण एसीचा इव्हॅपोरेटर, हीटरचा रेडिएटर आणि ब्रेकच्या नळ्या याच परिसरात असतात. पाडलेल्या भोकाची कड कानशीने घासून तिला प्रायमर लावला नाही, तर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

नीट केलेले काम असे दिसते. उस्ताद आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला करतो. जुन्या क्लच केबलमधली ताठ तार तो केबिनच्या बाजूने बुशात घालतो. त्यासाठी बुशाला टोच्याने बारीक भोक पाडतो; ब्लेडने फाडत नाही, कारण फाटलेले रबर पुढे वायरला आवळून धरत नाही. तारेचे टोक बॉनेटखाली दिसले की नवी वायर तिला जोडून, वर निमुळती टेप गुंडाळून, साबणाचे पाणी लावून आत ओढतो. रबर वायरला घट्ट लपेटते. बाहेरच्या बाजूला वायर भोकात शिरण्याआधी तो तिला खाली एक झोल देतो, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी भोकात न जाता झोलाच्या तळाशी गळून पडते. शेवटी सिलिकॉनचा पातळ थर.

रबराचे महत्त्व पत्र्याच्या कडेत आहे. इंजिन चालू असते तेव्हा सगळा पत्रा बारीक थरथरतो. उघड्या कडेवर टेकलेली वायर दिवसभर कानशीवर घासल्यासारखी झिजते. वरचे प्लॅस्टिक सोलले गेले की तांबे बॉडीला लागते, आणि बॉडी म्हणजेच बॅटरीचे निगेटिव्ह टोक. १२ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून या वायरिंगला कोणी फारसे भीत नाही. पण मोटारीची साधी बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर सोडू शकते. तेवढ्या प्रवाहात बारीक वायर काही क्षणांत तापून लाल होते आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक पेट घेते, तेही गालिचा आणि फोम यांच्या शेजारी.

यावर उपाय फ्यूजचा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा; मोटारीतल्या ऑडिओची कामे करणारे साधारण हातभर अंतराची, म्हणजे ४५ सेंटिमीटरची मर्यादा मानतात. फ्यूज अँप्लिफायरजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी राहते, आणि फायरवॉलचे भोक नेमके याच टप्प्यात येते. फ्यूज उपकरणासाठी असतो ही समजूत घट्ट आहे, पण या जागी तो वायरसाठी असतो. त्याचा आकडा वायर किती प्रवाह सोसेल त्यावरून ठरतो. रंगांची खूण सगळीकडे सारखीच: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. विसाचा सारखा उडतो म्हणून तिथे तिसाचा घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे.

वायरची जाडी हिशेबाने ठरते. ४० अँपिअर ओढणाऱ्या अँप्लिफायरला २.५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर दिली, तर त्या वायरमध्येच सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि जवळपास ५६ वॅट उष्णता तयार होते. ही उष्णता हेडलाइटच्या एका साध्या बल्बाएवढी, आणि ती गालिच्याखाली. १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच तोटा ०.३५ व्होल्टवर येतो.

वायरची जात जाडीइतकीच महत्त्वाची आहे. घरातल्या फिटिंगची उरलेली वायर गाडीला वापरण्याची सवय सर्रास दिसते. त्या वायरचे साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सियसपर्यंत टिकण्यासाठी केलेले असते. मोटारीच्या वायरची प्रतवारी तापमानावरूनच होते; आंतरराष्ट्रीय मानकात सर्वांत खालचा वर्ग ८५ अंशांचा, पुढचे १०० आणि १२५ अंशांचे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. जालना रोडच्या गर्दीत रखडलेल्या गाडीच्या बॉनेटखाली घरगुती वायर एका उन्हाळ्यात कडक होते, आणि मग वळणावर तडकते. पन्हळीदार फ्लेक्सिबल पाइप घातला तर वायरचे घासण्यापासून रक्षण होते; तापमानापासून तो वाचवत नाही.

रिले म्हणजे बारीक प्रवाहाने जड प्रवाह चालू-बंद करणारा स्विच; त्याची गोष्ट शेंद्र्याच्या जर्मन ऑडीशी नाते सांगणारी आहे. रिलेच्या पायांवर छापलेले ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले. ३० म्हणजे थेट बॅटरीचे पॉझिटिव्ह, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वायर, ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोके. कधीही जर्मन पुस्तक न पाहिलेला पोरगाही गॅरेजात ‘तीसला बॅटरी दे’ म्हणतो. फॉग लॅम्प किंवा जादा वॅटचे बल्ब लावताना रिले इंजिनाच्याच बाजूला ठेवतात, म्हणजे जड प्रवाहाची वायर भिंत ओलांडत नाही. आत येते ती फक्त बटणाची बारीक वायर, अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाहाची. फायरवॉलच्या कामातली सर्वांत शहाणी पद्धत हीच म्हणावी लागेल. डॅशकॅमसारख्या किरकोळ उपकरणाला तर भिंतीपलीकडे जाण्याचेही कारण नाही. केबिनमधल्या फ्यूज बॉक्सला फ्यूज टॅप लावून काम भागते.

पाणी आणि उंदीर हे भोकाचे दोन शत्रू. स्कोडा-फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत पुढच्या काचेखाली वायपरच्या जागी एक पन्हळ असते. कडुलिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिची निचऱ्याची वाट पाल्याने तुंबते, पाणी साचते आणि सैल बुशातून आत झिरपते. उंदराला तर बोटभर फट पुरते. पावसाळ्यात बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणारे पुष्कळ आहेत. भोक बुजवणे त्याहून खात्रीचे.

प्रत्येक वाहनाला अशी भिंत नसते. वाळूजला तयार होणाऱ्या मागील इंजिनाच्या रिक्षांत वायरिंग मागून पुढे येते. टाटा नॅनोचे इंजिनही मागे होते. त्या गाडीच्या आगीच्या काही घटनांनंतर टाटा मोटर्सने नोव्हेंबर २०१० मध्ये विजेच्या आणि एक्झॉस्टच्या यंत्रणेला मोफत जादा संरक्षण देऊ केले; बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांचाही उल्लेख कंपनीच्या निवेदनात होता. विजेवरच्या मोटारींत नारिंगी वेष्टनाची केबल दिसली की हात मागे घ्यावा, ती उच्च दाबाची असते. कोणत्याही गाडीतल्या पिवळ्या कनेक्टरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, टॅप लावू नये.

कायद्याने मोटारीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा घातली आहे ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये. उलट १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जीपीएस आणि आणीबाणीचे बटण बसवणे सक्तीचे झाले, अर्थात तिथे नवी वायरिंग आलीच. नंतर बसवलेल्या विद्युत उपकरणांना विम्यात आयएमटी २४ या कलमाखाली वेगळे संरक्षण घेता येते. त्यासाठी ती विमा कंपनीला कळवलेली असावी लागतात.

काम संपल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडायला लावावे आणि उस्तादाकडून दोन गोष्टी बोट ठेवून दाखवून घ्याव्यात: बॅटरीजवळचा फ्यूज, आणि भोकातले रबर.